‘गोमांस आहे का?’ हा प्रश्न अपुरा कसा पडला : सुवॉनमधल्या एका दाकदोरीतांगचं प्रकरण

गेल्या नोव्हेंबरात आई-बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे कोरियाला आले. मी सुवॉनमध्ये पोस्टडॉक करते. सोलच्या दक्षिणेला, मेट्रोनं साधारण तासाभरावर. त्यांच्या दहा दिवसांच्या मुक्कामात एकदा तरी दाकदोरीतांग खाऊ घालायचं, हे मी कधीपासून मनाशी धरून होते. हाडासकट कोंबडी, बटाट्याच्या मोठ्या फोडी, लालभडक रस्सा आणि सगळ्यांच्या मधोमध शेगडीवर रटरटणारं पातेलं. कराडच्या माणसाला याहून जवळचं जेवण या देशात सापडणार नाही, असं मला आजही वाटतं.

त्या संध्याकाळी आईच्या पुढ्यात मात्र पांढरा भात आणि तळलेलं अंडं आलं. असं का झालं, ते मी इथं क्रमानं लिहून काढते आहे. क्रम लावल्यावरच चूक कुठं झाली ते माझ्या लक्षात आलं. शिवाय ज्यांचे आई-वडील परदेशी मुलांकडे येतात आणि कोंबडी खातात पण गोमांसाला शिवत नाहीत, अशा कितीतरी घरांवर हा प्रसंग येत असणार.

टेबलावर कोण होतं

आम्ही तिघंच. आई सोमवार-गुरुवार पाळते, बाकीचे दिवस कोंबडी, अंडी, मासे सगळं खाते. गोमांस तिनं जन्मात खाल्लेलं नाही आणि तिच्या दृष्टीनं त्यात चर्चा करण्यासारखं काही नाही. बाबांचंही तेच, पण ते इतके काटेकोर नाहीत. दिवस शुक्रवार. दिवसभर ह्वासंगचा कोट फिरलो होतो. 1794 ते 1796 या काळात बांधलेला, साडेपाच किलोमीटरहून थोडा जास्त घेर असलेला हा कोट आजही सुवॉन शहराच्या मधोमध उभा आहे. बाबांनी निम्मा पायी पुरा केला. पाय दुखत होते, थंडी वाजत होती, पोटात कावळे ओरडत होते. कोटाखालच्या गल्लीतल्या ज्या छोट्या हॉटेलात आम्ही शिरलो, तिथं मी आधी लॅबमधल्या मुलींबरोबर दोनदा जेवले होते. सात टेबलं, चालवणाऱ्या साठीच्या एक बाई आणि त्यांचा मुलगा.

अशा बाईंना कोरियन लोक ‘इमो’ म्हणून हाक मारतात. इमो म्हणजे सख्खी मावशी, आईची बहीण. वडिलांच्या बहिणीला वेगळा शब्द आहे, ‘कोमो’. मावशी आणि आत्या वेगळ्या ठेवणारी भाषा आणि परक्या बाईला मावशी म्हणण्याची पद्धत, हे ऐकून आई खूश झाली. म्हणून पुढं मीही त्यांना मावशीच म्हणते.

मेनूवरचा ‘सो’

बाबांनी येण्याआधी दोन महिने मोबाईलवर कोरियन लिपी शिकून घेतली होती. अर्थ कळो न कळो, पाट्या मोठ्यानं वाचायच्या हा त्यांचा दहा दिवसांचा छंद. भिंतीवरचा मेनू वाचता वाचता ते थबकले.

“अगं, इथं ‘सो’ लिहिलंय. सो म्हणजे गाय ना? विमानतळावर तूच सांगितलंस.”

सो म्हणजे गाय हे खरंच. पण मेनूवर ‘सो, चुंग, ते’ असं ओळीनं लिहिलेलं असतं, तेव्हा त्याचा अर्थ लहान, मध्यम, मोठं. उच्चार तोच, शब्द निराळा. दाकदोरीतांग ताटावर मागवायचा पदार्थच नाही. ते पातेल्यानं मागवतात: सो दोघांना, चुंग तिघांना, ते चौघांना. एकट्या माणसाला बरीच हॉटेलं ते देतही नाहीत. इथं आल्यावर पहिल्या वर्षी मी दोन ठिकाणांहून तशीच परत आले होते, आणि त्या संध्याकाळी तिघं मिळून जेवायचं मला इतकं अप्रूप का होतं, त्याचं हेही कारण आहे.

मी समजावून सांगितलं, बाबांचं समाधान झालं. पण ‘गाय’ हा शब्द टेबलावर आला तो आलाच. आई म्हणाली, “तरी एकदा विचारून घे.”

मी विचारलं. मावशी पाणी घेऊन आल्या तेव्हा म्हटलं, “सोगोगी दुरोगायो?” म्हणजे गोमांस घालता का? मावशी हसून म्हणाल्या, “नाही हो, कोंबडीच आहे.” भिंतीवर मांस आणि तांदूळ कुठले आहेत ते सांगणारा फलक होता. असा फलक कोरियातल्या हॉटेलांना कायद्यानंच लावावा लागतो. त्यावर कोंबडी, तांदूळ आणि किमचीचा कोबी, तिन्ही देशी म्हणून लिहिलेले. गोमांसाचं नाव नाही. मी तोही वाचून दाखवला. एक तोंडी उत्तर, एक लेखी पुरावा. चुंग मागवलं, 38,000 वॉनचं.

पातेलं उकळत होतं

पातेलं अर्धवट शिजून टेबलावर येतं आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं तुमच्यासमोर उकळतं. आधी कोंबडीचे तुकडे गरम पाण्यातून काढतात, म्हणजे रक्त आणि उग्र वास निघून जातो. मग मसाला. मिरचीपूड, आंबवलेल्या मिरचीचा घट्ट लगदा म्हणजे कोचुजांग, सोया सॉस, भरपूर ठेचलेली लसूण, आलं, थोडी साखर. यांचं एकत्र कालवण करून मुरत ठेवतात, त्याला यांगन्योम म्हणतात. त्या कालवणाची गोष्ट पुढं येणार आहे.

कोंबडी इथं नंबरानं ओळखतात. 10 नंबर म्हणजे साधारण किलोभराची, 12 नंबर म्हणजे बाराशे ग्रॅमच्या आसपासची. बाबांना हे फार आवडलं. रंग बघून ते म्हणाले, “हा तर आपल्या ब्याडगीचा रंग.” बरोबर आहे. इथली जाडसर मिरचीपूड ब्याडगीसारखीच, रंग जास्त आणि जाळ बेताचा. मिरची आपल्याकडे आणि त्यांच्याकडेही परकीच. आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या वाटेनं शिरली, आणि 1614 सालच्या एका कोरियन ग्रंथात तिला चक्क ‘जपानी मोहरी’ म्हटलेलं आहे.

उकळी फुटली तशी मी रताळ्याच्या पिठाच्या शेवया वर टाकल्या. त्या आधी खायच्या, नाहीतर सगळा रस्सा पिऊन फुगतात. आईनं झाऱ्यानं एक बटाटा उचलून बघितला. अजून कडक होता. तिनं तो परत सोडला. त्या एका कडक बटाट्याचे उपकार मी विसरणार नाही.

हात धुवायला मी आत गेले. वाट स्वयंपाकघराच्या दारावरून जात होती. ओट्यावर मावशींचा मुलगा उद्याचं कालवण तयार करत होता. मोठ्या स्टीलच्या टोपात मिरचीपूड, लसूण आणि त्यावर एका पिशवीतून तपकिरी पावडर दोन मोठे डाव. पिशवीवरचं नाव मला वाचता आलं. सोगोगी दाशिदा.

दाशिदा ही 1975 पासून बाजारात असलेली रश्श्याची पावडर. कोरियन भाषेत ‘दाशिदा’ म्हणजे मिटक्या मारणं. ती बारीक माशांचीही मिळते, पण सगळ्यात जास्त चालते ती गोमांसाची. घराघरात, हॉटेलात, सूपमध्ये, भाजीत, रश्श्यात चमचाभर पडते. आपल्याकडं रोजच्या आमटीत गोडा मसाला जितक्या सहज पडतो, तितक्याच सहज.

मी दारातूनच विचारलं, “आमच्या पातेल्यातही हेच आहे का?” मुलगा म्हणाला, “हो, रोजचंच आहे. का, काय झालं?”

मावशी खोटं बोलल्या का?

अजिबात नाही, आणि या प्रकरणात हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मावशींच्या लेखी गोमांस म्हणजे मांस: तुकडे, पातळ काप, खिमा. पावडर म्हणजे चव. मिठाच्या आणि साखरेच्या शेजारी फडताळात राहणारी वस्तू. ‘भाजीत गोमांस आहे का’ असं विचारल्यावर त्यांच्या डोळ्यापुढं ती पिशवी येणारच नाही. आपण कुणाला विचारलं, ‘पोह्यात फळ घातलंय का?’ तर तो नाहीच म्हणेल. लिंबू पिळलेलं त्याच्या डोक्यातही येणार नाही.

फलकानंही मला फसवलं नाही. तो मांस कुठल्या देशातून आलं हे सांगायला लावलेला होता. मसाल्याच्या पिशवीत काय आहे हे सांगणं त्याचं काम नव्हतं. मीच त्याला भलत्या प्रश्नाचा साक्षीदार केलं.

विचारायला हवं होतं ते हे: “सोगोगी दाशिदा घालता का? रश्श्याचं पाणी कशाचं आहे?” रश्श्याच्या पाण्याला इथं ‘युक्सू’ म्हणतात, आणि त्या शब्दातच मांस आहे. युक म्हणजे मांस, सू म्हणजे पाणी. चार वर्षं हा शब्द मी रोज ऐकत होते. एकटी होते तोवर मी खोलात शिरले नव्हते, आणि आई समोर बसल्यावर खोलात शिरायचं मला सुचलं नाही.

सांगावं की न सांगावं

स्वयंपाकघराच्या दारापासून टेबलापर्यंत फार तर बारा पावलं असतील. तेवढ्यात मनात काय काय येऊन गेलं ते लिहिते, कारण निर्णय तिथं झाला.

पहिला विचार: अजून कुणी काही खाल्लेलं नाही. दुसरा: आईला कळणार कसं? पावडर रश्श्यात विरघळलेली, मिरची-लसणीपुढं तिची चव वेगळी लागत नाही. ती थकली आहे, भुकेली आहे, खूश आहे. तिसरा विचार माझ्या ओळखीतल्या अनेकांच्या तोंडून मी ऐकलेला होता: आई-वडील चार दिवसांसाठी येतात, कशाला सगळं सांगत बसायचं, अजाणता खाल्लं तर दोष नाही.

पण ते आता अजाणता राहिलं नव्हतं. मला कळलं होतं. जेवणाच्या बाबतीत आईनं या देशात पूर्णपणे माझ्या जिभेवर आणि माझ्या कानांवर भरवसा ठेवला होता. तिला पाटी वाचता येत नव्हती, मावशींशी बोलता येत नव्हतं. तिनं विचारायला सांगितलं ते मला. तिचं व्रत पाळण्यासारखं आहे की नाही हे ठरवायचा अधिकार मला नव्हता, आणि मी गप्प बसले असते तर तो मी चोरून घेतला असता. याबद्दल माझं मत आजही बदललेलं नाही.

मी टेबलाशी येऊन आधी शेगडी बारीक केली आणि सांगून टाकलं. “आई, मी विचारलं ते अपुरं होतं. मांस नाही, पण मसाल्यात गाईच्या मांसाची पावडर आहे.”

आईनं हातातला चमचा खाली ठेवला. रागावली नाही. एवढंच म्हणाली, “बरं झालं आत्ता कळलं. तुम्ही खा दोघं. मी भात खाईन.” बाबांनी पातेल्याकडं बघितलं, मग आईकडं, आणि म्हणाले, “मग मीपण भातच.” शेवया फुगत होत्या. आम्ही तिघंही त्या पातेल्याकडं बघत बसलो.

अंडं आणि भात

ज्या टेबलावर पातेलं उकळतंय आणि कुणी जेवत नाही, ते कुठल्याही मावशींच्या नजरेतून सुटत नाही. त्या आल्या. मुलानं त्यांना काहीतरी सांगितलेलं असावं. त्यांनी विचारलं, “अ‍ॅलर्जी आहे का?”

इथं बरेच जण ‘हो’ म्हणून मोकळे होतात. अ‍ॅलर्जी म्हटलं की समोरचा सावध होतो, जास्त विचारत नाही. मी तसं केलं नाही. अ‍ॅलर्जी म्हटल्यावर त्यांना वाटलं असतं की त्यांच्या जेवणानं आई आजारी पडली असती, आणि तो घोर मला त्यांना लावायचा नव्हता. मी म्हटलं, “धर्मामुळं. आई गाय खात नाही. पावडरीतलीसुद्धा नाही.”

मावशी क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “आमच्या देवळातले भिक्खू लसूण-कांदा खात नाहीत. तसं?” कोरियन बौद्ध मठांत मांस तर नसतंच, पण लसूण आणि कांद्याच्या जातीतलं सगळंच वर्ज्य असतं. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, “त्यांना सांग, आमच्याकडं चातुर्मासात तसंच असतं.” मी सांगितलं. यानंतर कुणाला काही समजावून सांगायची गरजच उरली नाही.

दहा मिनिटांनी मावशींनी आईपुढं एक वाडगा आणून ठेवला. वाफाळता भात, त्यावर कडा कुरकुरीत केलेलं तळलेलं अंडं, सोया सॉसची धार, तिळाचं तेल, आणि शेजारी भाजलेल्या समुद्री शेवाळाचे पापडासारखे पातळ चौकोन. घरात लेकराला भूक लागली आणि दुसरं काही नसलं की इथली आई हेच करून घालते. मावशींनी आपणहून सांगितलं: तवा धुवून घेतला, तेल नवीन, सॉसमध्ये फक्त सोयाबीन, गहू आणि मीठ. मग पातेल्याकडं बोट दाखवून बाबांना म्हणाल्या, “तुम्ही?” बाबांनी मान हलवली. त्यांनाही अंडं-भात आला. पातेलं मावशींनी उचलून नेलं.

बिल देताना त्या 38,000 घ्यायला तयार नव्हत्या. मी आग्रह धरला, कारण पातेलं मागवलं होतं मी आणि ते वाया गेलं होतं माझ्या प्रश्नामुळं. शेवटी अंडं-भाताचे पैसे त्यांनी घेतलेच नाहीत.

गोमांस कुठं कुठं लपतं

त्यानंतरचे तीन दिवस मी लॅबमधल्या मैत्रिणींना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. जे कळलं ते थोडक्यात. साधा कोचुजांग चिकट तांदूळ, आंबवलेलं सोयाबीन, मोड आणून वाळवलेलं सातूचं पीठ, मीठ आणि मिरची यांचा असतो. पण ‘परतलेला’ कोचुजांग म्हणून जो मिळतो त्यात बहुतेक वेळा गोमांसाचा खिमा असतो. थंड शेवयांच्या सूपचं पाणी बऱ्याच ठिकाणी गोमांसाचं. वाढदिवसाला करतात त्या समुद्री शेवाळाच्या सूपमध्येही ते बऱ्याचदा असतं, आणि नाव ऐकून शाकाहारी मंडळी नेमकं तेच मागवतात. किमचीत बऱ्याचदा खारवलेली कोळंबी असते. आमच्या आईला तिचं काही वाटत नाही, पण शाकाहारी घरांना वाटेल.

आणखी एक गोष्ट कळली, तिनं मला धीर दिला. या पदार्थाच्या नावावरून कोरियात जुना वाद आहे. ‘दोरी’ हा शब्द जपानी ‘तोरी’ म्हणजे पक्षी यावरून आला, असं धरून तिथल्या राष्ट्रीय भाषा संस्थेनं ‘दाकबोक्कुमतांग’ हे नाव सुचवलं. काही अभ्यासक ते मान्य करत नाहीत, आणि बऱ्याच पाट्यांवर आजही दाकदोरीतांगच असतं. या वादात 1924 सालच्या एका पाककृतीच्या पुस्तकाचा दाखला देतात. सोंगदो, म्हणजे आजचं केसोंग, तिथले लोक या कोंबडीला दोरीतांग म्हणतात असं त्यात आहे, आणि मसाला दिलाय तो कांद्याची पात, मिरी, तेल, सोया सॉस, लसूण. मला वादापेक्षा ती मसाल्याची यादी महत्त्वाची वाटली. पावडर 1975 ची, म्हणजे आईपेक्षाही वयानं लहान. पदार्थ त्याच्या किती आधीचा. पावडर काढली म्हणून त्याचं काही बिघडणार नव्हतं.

बुधवार

मंगळवारी मैत्रिणीकडून मावशींना फोन करवला. मी स्वतः केला असता तर चाललं असतं, पण या वेळी एकही शब्द अर्धवट राहायला नको होता. मावशी म्हणाल्या, उद्या साडेपाचला या, गर्दी व्हायच्या आत. मुरलेलं कालवण वापरणार नाही, ताजं करेन. मुरलेल्याइतकी चव येणार नाही, ते तेवढं समजून घ्या.

बुधवारी पातेलं आलं तेव्हा त्याच्या कानाला पिवळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, मुलाकडून अदलाबदल होऊ नये म्हणून. आईनं माझ्याकडं बघितलं. मी काही बोलायच्या आत मावशी एका बशीत भिजून फुगलेला, काळपट हिरवा, हाताएवढा तुकडा आणि मूठभर सुके बारीक मासे घेऊन आल्या. तुकडा होता समुद्री शेवाळाचा, त्याला ‘दाशिमा’ म्हणतात. रस्सा याच पाण्यावर केला होता. तो बोटांनी उचलून आईच्या डोळ्यांसमोर धरत मावशी सावकाश म्हणाल्या, “दाशिदा नाही. दाशिमा.” आईला दोन्ही शब्दांतला फरक बरोबर ऐकू आला. तिनं मान डोलावली.

रस्सा खरंच थोडा पातळ लागत होता, आणि लसणीचा कच्चेपणा जिभेला कळत होता. मुरलेल्या कालवणाचा गोलपणा त्यात नव्हता. तरी कोंबडी हाडापासून सुटून येत होती आणि बटाटा आतपर्यंत लाल झाला होता. आईनं पहिला घास बटाट्याचाच घेतला. चमच्यानं फोडून, रश्श्यात कुस्करून, भाताबरोबर. मग तिनं पंखाचा तुकडा उचलला आणि हाड चोखत चोखत विचारलं, “यात आपलं थोडं खोबरं भाजून घातलं तर?” बाबा म्हणाले, “मग ते आपलं होईल. हे हेच राहू दे.”

शेवटी उरलेल्या रश्श्यात भात परततात. मावशींनी पातेल्यात तीन वाट्या भात, चिरलेली किमची, तिळाचं तेल आणि चुरलेलं शेवाळ घातलं, उलथन्यानं तळाशी दाबून पसरलं, आणि आच वाढवून निघून गेल्या. हलवायचं नाही, असं हातानं सांगून गेल्या. पाच-सहा मिनिटांत खालून तडतड ऐकू यायला लागली. बाबांनी उलथनं घातलं तर तळाला तांबूस, करकरीत खरवड धरलेली.

आईनं आपला वाडगा पुढं सरकवला. “खरवड मला द्या,” म्हणाली.